तिवराच्या पानावरचे मीठ आणि पेशीतला सोडिअम पंप

प्रश्न (ऐरोली):
रविवारी मुलीबरोबर खाडीकिनारी फिरताना तिवराच्या पानांवर पांढरे बारीक कण दिसले. जिभेला लावून पाहिले तर मीठच. मुलगी बारावीला आहे. सोडिअम-पोटॅशिअम पंप एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) मोबदल्यात तीन सोडिअम आयन (धनभारित कण) बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आयन आत घेतो, असे ती शिकली आहे. तिवरातही हाच पंप असतो का, आणि पेशीपटलावरचा विद्युतदाब या तीन-दोनच्या फरकातूनच येतो का? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर (ठाणे):
फुलझाडांत हा पंप नसतोच. तिथे एटीपी खर्च होतो तो प्रोटॉन बाहेर ढकलण्यासाठी. मग बाहेर साठलेले प्रोटॉन उताराने आत परतताना त्यांच्या जोरावर सोडिअम उलट दिशेने बाहेर जातो. सोसायटीचा पंप पाणी फक्त गच्चीवरच्या टाकीत चढवतो, पुढे घरोघरचे नळ त्या उंचीवरच चालतात, तसे हे आहे. रिक्तिकेच्या (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीच्या) पटलावरही अशीच व्यवस्था असल्यामुळे बरेचसे मीठ तिथे कोंडून ठेवता येते आणि उरलेले पानावरच्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात.

उत्तर (नेरूळ):
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण पाठ्यपुस्तकाच्या मांडणीमुळे इथे हमखास गैरसमज होतो. तीन-दोनच्या फरकाचा थेट वाटा जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. खरे काम पोटॅशिअमच्या गळतीचे आहे: प्राण्यांच्या पेशीत त्याची संहती (द्रावणातले प्रमाण) लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल असते, तर बाहेर चार-पाचच, त्यामुळे पटलातल्या कायम उघड्या असणाऱ्या मार्गिकांतून (आयनांच्या वाटांतून) तो बाहेर झिरपतो आणि आत ऋणभार शिल्लक राहतो. हा ऋणभार पोटॅशिअमला मागे खेचू लागतो, आणि चेतापेशीत ही ओढाताण साधारण उणे 70 मिलिव्होल्टला स्थिरावते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पटलाची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर धरून मुलीला भागाकार करायला सांगा, सेंटीमीटरमागे 1,40,000 व्होल्ट येतील!

उत्तर (ठाणे):
पूर्ण सहमत. पंप गळतीची भरपाई करत राहतो, म्हणून संहतीतला फरक टिकतो. याच फरकाचा सर्वांत मोलाचा उपयोग जलसंजीवनीत दिसतो: आतड्याच्या पेशीत शिरणारे दोन सोडिअम आयन ग्लुकोजचा एक रेणू सोबत ओढून नेतात, त्यांच्यामागून पाणी जाते, आणि कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. म्हणून त्या पाकिटात मिठाबरोबर साखर लागतेच.