इग्वाना घ्यावा काय?

बेळगावात टिळकवाडीत राहतो. दहावीतलं पोरगं इग्वाना (मोठा परदेशी सरडा) पाळायच्या मागं लागलंय. एकजण वीतभर पिल्लू देतो म्हणूलाय. घेऊ काय?

शहापूरकर: दादा, मी पाळलाय म्हणून सांगतो. ते वीतभर पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट 4-5 फूट होतंय. माझी अर्धी खोली गेली त्यात. खाणं सोपं: शेवग्याचा पाला, भोपळा, जास्वंद. (पालक रोज नको, कॅल्शियम अंगी लागत नाही.) खरी भानगड उन्हाची. उन्हातले यूव्हीबी किरण देणारा दिवा नसला तर हाडं मऊ पडतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ऊन दिसतंय कुठं? दिवा पेटतोय म्हणून मी दोन वर्षं तोच ठेवला. उजेड असतोय, पण यूव्हीबी आधीच संपलेली असते. जबडा सुजला तेव्हा कळलं. इथल्या डॉक्टरांचा हात म्हशी-कुत्र्यांवर बसलेला, शेवटी गाडी काढून पुणं गाठलं. बायको अजून टोमणे मारते. आणि जगतोय 15-20 वर्षं. पोरगं उद्या बेंगळुरूला शिकायला गेलं की पाला कोण चिरणार? तुम्हीच!

खानापूरचा: आधी कागद मागा. हिरवा इग्वाना साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे. 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. त्याऐवजी स्टार कासव किंवा आपला पोपट देतो म्हणाला तर हातच लावू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

प्रश्नकर्ता: कागदाचं विचारलं, तवापासनं फोन उचलेना. पोरगं रुसलंय. शेवगा मात्र परसात आहे बघा!