हंबकर निवडताना किलोओहमच्या आकड्याला किती भाव द्यायचा?

सोल्डरधूर

"ब्रिजला कोणता हंबकर टाकू?" असं कुणी विचारलं (हंबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा दोन कॉइलचा पिकअप, तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा; ब्रिज म्हणजे तारा खाली टेकतात ती बाजू) की पहिला प्रतिप्रश्न ठरलेला: "किती के पाहिजे?" मग आठ के (किलोओहम) म्हणजे सौम्य, बारा के मध्यम, सोळा के म्हणजे जहाल, अशी मिरचीसारखी प्रतवारी सुरू होते. माझं मत सरळ आहे: हा आकडा बघून पिकअप निवडणं बंद करा.

मल्टिमीटर दाखवतो तो कॉइलच्या तारेचा नुसता डीसी रोध. तो वेढ्यांवर अवलंबून असतो, तसाच तारेच्या जाडीवरही. ४२ गेजच्या जागी तेवढीच लांब पण बारीक ४४ गेजची तार घेतली तर रोध दीडपटीच्या वर जातो. चुंबक तेच, वेढे तेच, आकडा मात्र फुगला. सीमोर डंकनचा '५९' ब्रिजला आठच्या आसपास भरतो, त्यांचाच 'जेबी' सोळाच्या वर. म्हणून जेबी काही दुप्पट जोराचा नाही. त्यात ४४ गेजची बारीक तार आहे. आता त्याच कंपनीचा 'डिस्टॉर्शन' बघा. रोध जवळपास जेबीएवढाच, पण चुंबक अल्निको ५ या मिश्रधातूऐवजी सिरॅमिक. जेबीच्या वरच्या मिड्सना (मधल्या पट्ट्यातल्या सुरांना) एक खरखरीत धार आहे, सोलो पुढे येतो. डिस्टॉर्शन खालच्या तारांवर आवळलेला आणि जास्त आक्रमक. मीटरला हे दोघे जुळे भाऊ वाटतात.

शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. आठ के चा पिकअप दहा अंशांनी तापला की ८.३ दाखवणार. आणि लोक ८.१ की ८.३ यावर तासन् तास भांडतात!

आकडाच हवा असेल तर इंडक्टन्स (कॉइलचं हेन्रीत मोजायचं प्रेरकत्व) विचारा, चुंबक कोणतं ते विचारा. त्याहीआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन आहे त्याच पिकअपची उंची बदलून बघा. ब्रिजला शेवटची पट्टी (फ्रेट) दाबून तार आणि पोल पीस (तारेखालचा स्क्रू) यांत दोन मिलिमीटर ठेवा आणि तिथून वरखाली करत ऐका. अर्ध्या लोकांना नवा पिकअप लागणारच नाही.

गेनबहाद्दर

निम्मं पटलं, निम्मं साफ अमान्य. रोध म्हणजे आउटपुट नव्हे, कबूल. पण "उंची बदला, काम होईल" हा सल्ला क्लीन वाजवणाऱ्यांचा आहे. हाय गेनवर (अँप फाटेपर्यंत वाढवून) पाम म्यूट करून, म्हणजे तळव्याने तारा दाबून, बघा. उंचीने आवाज लहानमोठा होतो, थोडा अटॅक बदलतो. पण कॉइलमध्येच खालच्या मिड्सचा गोळा असेल तर तो पिकअप खाली केल्यावरही गोळाच राहतो, फक्त हळू वाजतो. अँपवर ईक्यू फिरवून हे सुटत नाही, कारण बहुतेक अँपचा टोन स्टॅक (ईक्यूचं सर्किट) निदान पहिल्या गेन स्टेजच्या नंतर असतो. एकदा चिरडलेला सिग्नल तुम्ही मागाहून कितीही विंचरा.

डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' १९७२ च्या सुमारास आला. तेव्हा गिटारचा मूळचा पिकअप काढून दुसरा बसवायची सोयच फारशी नव्हती. लोकांनी तो का उचलला? सिरॅमिक चुंबक आणि जास्त वेढे, त्यामुळे अँपचं तोंड सहज फाटायचं. स्क्रूड्रायव्हरने ते झालं असतं तर हा धंदाच उभा राहिला नसता.

पॉटफिरव्या

गेनबहाद्दर, धंदा उभा राहिला म्हणजे गरज होती असं नाही हो. ;-)

तुम्ही दोघंही पिकअपपाशीच अडकलात. पिकअप एकटा वाजत नाही. ५०० के लिहिलेला पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोध) २० टक्के टॉलरन्समुळे ४०० ते ६०० यांमध्ये कुठेही असू शकतो. आणि केबल? साधारण १०० पिकोफॅरड दर मीटरला धरा. ४.५ हेन्रीच्या व्हिंटेज जातीच्या हंबकरला सहा मीटरची केबल लावली तर रेझोनन्सचं शिखर (जिथे पिकअप सर्वात जोरात बोलतो ती वारंवारता) २८०० हर्ट्झच्या आसपास बसतं (आतल्या वायरिंगचे १०० पिकोफॅरड धरून). केबल तीन मीटरची केली की ते ३७०० च्या जवळ. हा फरक कानाला कळतो. 'जरा बंद वाटतो' म्हणून पिकअप विकणाऱ्यांनी आधी लांबलचक केबल बाजूला ठेवावी.

गेनबहाद्दर

शिखराचं गणित बरोबर. पण त्याच गणितात आठ हेन्रीचा पिकअप टाका, सहा मीटरच्या केबलवर शिखर २१०० ला येतं. म्हणजे फरक पिकअपनेही पडतोच की! माझीच बाजू मांडलीत, आभार.

निम्मंऐकतो

वाचायला मजा येतेय. एक शंका: तुमच्यापैकी कुणी आवाजाची पातळी सारखी करून, न बघता ऐकलंय का? जो पिकअप किंचित मोठा तो 'जिवंत' वाटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे विसरतात.

पीएएफच्या गोष्टींवर तर माझा अजिबात विश्वास नाही. सेथ लव्हरने गिब्सनसाठी हंबकर केला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९५७ पासून लेस पॉलवर आला, पेटंट १९५९ मध्ये मिळालं. त्या काळातल्या पिकअपवरचं 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे 'अर्ज केला आहे' असं सांगणारं स्टिकर म्हणजे हे पीएएफ. त्या वर्षांत चुंबकं कधी अल्निको २, कधी ४, कधी ५, जी हाताला लागतील ती. वेढेही एका आकड्यावर थांबत नसत, दोन कॉइल एकमेकींशी जुळत नसत. मग 'अस्सल पीएएफचा आवाज' म्हणजे नेमक्या कुठल्या नगाचा?

सोल्डरधूर

निम्मंऐकतो, पातळीच्या मुद्द्याला +१. पण पीएएफवर थोडा अन्याय होतोय. कॉइल न जुळणं हाच तर त्याचा गुण. दोन्ही कॉइल हुबेहूब असल्या की गुणगुण पूर्ण मरते, पण वरचे काही सूरही गुळगुळीत होतात. थोडी तफावत ठेवली की जराशी गुणगुण राहते आणि तारेवर पिक लागल्याचा 'टक्' स्पष्ट येतो. आज बनवणारे हे मुद्दाम करतात.

गेनबहाद्दर, इंडक्टन्स बघा असं मी वरच लिहिलंय. माझं भांडण किलोओहमशी आहे, पिकअप बदलण्याशी नाही.

गेनबहाद्दर

"अर्ध्या लोकांना नवा पिकअप लागणारच नाही" हे कुणी लिहिलं मग?

सोल्डरधूर

मीच, आणि त्यावर ठाम आहे. :-)

नऊव्होल्ट

अ‍ॅक्टिव्हचं नाव कुणीच घेत नाही म्हणून आलो. ईएमजी ८१ मध्ये आत प्रीअँप असतो, ९ व्होल्टची बॅटरी, पॉट २५ के चे. केबल दहा मीटर घ्या नाहीतर दोन, आवाज हलत नाही. तुमचं वरचं सगळं गणित माझ्याकडे लागूच नाही. फिशमनच्या फ्लुएन्समध्ये तर तार गुंडाळतच नाहीत, छापील कॉइलचे थर असतात, म्हणजे नगानगातली तफावतही गेली.

पॉटफिरव्या

ती गेली आणि व्हॉल्यूम सहावर आणल्यावर बिनबॅटरीच्या पॅसिव्हमध्ये जे मऊ होतं तेही गेलं. मला ते हवंय. शिवाय कार्यक्रमाच्या मध्यात बॅटरी बसली की तुमचा आवाज आधी चिरकतो, मग गायब.

कोरीपाटी

मोठ्यांच्या भांडणात बारका प्रश्न. ब्रिज फ्लॉइड रोझ पद्धतीचा (तारा पकडून हलणारा ट्रेमोलो) आहे. जुना डंकन काढून डिमार्झिओ बसवला, आधीच्याच आकृतीप्रमाणे तारा जोडल्या. आवाज पातळ येतोय, वर गुणगुणही वाढलीय. पिकअप खराब?

सोल्डरधूर

खराब नाही, रंग चुकलेत. डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना. डिमार्झिओत लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना. तुम्ही जोडलंय तसं एक कॉइल उलटी लागते. मग तारांचा सिग्नल एकमेकांना खातो आणि गुणगुणीची बेरीज होते. लाल आणि काळी यांची अदलाबदल करा.

फ्लॉइडला तारांचं अंतर पन्नासऐवजी त्रेपन्न मिलिमीटरच्या जवळ असतं, तेव्हा पिकअप एफ-स्पेस्ड (स्क्रू जरा जास्त अंतरावर असलेला) आहे ना तेही बघा.

गेनबहाद्दर

अंतराने आवाजात काही फरक पडत नाही, डोळ्यांचं समाधान फक्त. चुंबकीय क्षेत्र स्क्रूच्या कडेला संपत नाही.

सोल्डरधूर

वरच्या बारीक ई तारेवर बेंड घेताना आवाज बसतो का, तेवढं ऐका आणि मग बोला.

कोरीपाटी

लाल-काळी बदलली. गुणगुण गेली, आवाज भरला. आता मात्र नेकच्या (गिटारच्या गळ्याकडच्या पिकअपच्या) मानाने ब्रिज फारच मोठा वाटतोय.

पॉटफिरव्या

स्क्रूड्रायव्हर. ब्रिज अर्धा फेरा खाली.

गेनबहाद्दर

नेकचा पिकअप कितीचा आहे?

सोल्डरधूर

"कितीचा" म्हणे!