गिटारच्या नेकचे दोन स्क्रू नुसतेच फिरताहेत

फोंडेकर:
स्ट्रॅट पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे, नेक (तारांखालची लांब मान) बॉडीवर चार स्क्रूंनी बसवलेली. ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आत वाक काढायला असलेल्या सळईचं, तोंड बॉडीकडच्या टोकाला, म्हणून पावसात वाकलेली नेक सरळ करायला ती काढावी लागली. परत बसवताना मी बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू आवळले. आता जाड तारांच्या बाजूचे दोन स्क्रू फिरतच राहतात. एक बाहेर काढला तर आट्यांत पिवळट भुसा भरून आला. नेक हाताने दाबली तरी सरकते आणि बारीक ई तार काठावरून खाली उतरते. गिटार भावाची आहे, तो चवथीला आखातातून येतोय. काडेपेटीच्या काड्या घालून चालेल का?

म्हापसेकर:
काड्या आणि फेविकॉल, मीही तेच केलं होतं. वर्षभर टिकलं. पुढच्या वेळी नेक काढली तेव्हा मात्र काड्यांचा चुरा हातात आला.

केप्याचा सुतार:
काड्या नकोत बाबा, भावाची वस्तू आहे. १० नंबरच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोंच्या आसपास असतो.

नेकमधली भोकं ८ मिमीच्या बिटने मोठी करा. आधी स्क्रू बॉडीतून घालून पलीकडे किती उरतो ते मोजा आणि तेवढ्यावर बिटला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर बिट फ्रेटबोर्डमधून, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीतून, बाहेर येईल. मग मेपल किंवा बीचची खुंटी फेविकॉल लावून ठोका. बाजारातला गोल दांडा घेऊ नका. त्याच्या रेषा लांबीला धावतात, स्क्रू त्याच दिशेने शिरतो आणि पकड कमी मिळते. प्लग कटरने फळीतून आडव्या रेषेची खुंटी काढा, आणि बसवताना तिच्या रेषा नेकच्या रेषांना जुळवा. सागवान तेलकट, ते टाळा. या दमट हवेत दोन दिवस हात लावू नका.

नंतर नेक जागेवर ठेवून दोन्ही ई तारा चढवा, काठापासून दोन्हीकडे सारखं अंतर आलं की बॉडीच्या भोकांतून खूण करा. तारा उतरवून ३ मिमीचं भोक पाडा. स्क्रूला साबण चोळा, हातानेच आवळा.

एक गोष्ट बहुतेकजण बघत नाहीत. बॉडीतल्या भोकांतून स्क्रू बोटाने ढकलला तरी आरपार जायला हवा. तिथेही आटे धरत असतील तर नेक आणि बॉडीत फट राहते, आणि ती मिटवायच्या नादात माणूस आवळत जातो. तुमचे आटे तसेच गेले असणार.

म्हापसेकर:
पितळी इन्सर्ट (लाकडात बसवायच्या, आतून आटे असलेल्या नळ्या) आणि मशीनचे स्क्रू कसे?

केप्याचा सुतार:
वारंवार नेक काढणाऱ्याला उत्तम. पण भोक जरा तिरकं गेलं की मेपल चिरतं. पहिल्यांदा करणाऱ्याने खुंटीच ठोकावी.

फोंडेकर:
बघितलं. बॉडीच्या दोन भोकांत स्क्रू खरंच अडकत होते, ती ४.५ मिमीने मोकळी केली. खुंट्या काल ठोकल्यात, उद्या संध्याकाळी भोकं पाडतो. देव बरें करूं.