मधुमालतीला पाने भरपूर, फुले मात्र नाहीत

गच्चीवाली, पुणे
आमच्या गच्चीच्या पूर्वेकडील कठड्याशी मोठ्या ड्रममध्ये मधुमालती लावली आहे. वेल जोमाने वाढला असून त्याने लोखंडी कमान पूर्णपणे झाकून टाकली आहे, पण अजून एकही घोस धरलेला नाही. सकाळपासून दुपारपर्यंत चांगले ऊन मिळते. दर महिन्याला शेणखत आणि मधूनमधून थोडा युरिया घालते. शेंडे शेजारच्या गच्चीत शिरतात म्हणून दर पंधरवड्याला कात्रीने सारखे करून घेते. खतात काही कमी पडते आहे का, की रोपच वांझ निघाले आहे?

मातीकाम
ताई, रोपात दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. दोष कात्रीचा आहे. मधुमालतीची फुले त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांना आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यांत येतात, त्यामुळे दर पंधरवड्याला शेंडे खुडले की कळ्या धरण्याची जागाच आपण कापून टाकतो आणि वेल पुन्हा पाने फोडण्याच्या मागे लागतो. थंडी ओसरल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, एकदाच कडक छाटणी करावी, जून फांद्या निम्म्यावर आणाव्यात आणि त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत शेंड्यांना हात लावू नये. शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या फांद्या कापण्याऐवजी कमानीवर आडव्या वळवून सुतळीने बांधल्या, तर डोळ्याडोळ्यांतून फुटवे येऊन घोसही वाढतात.

युरिया पूर्णपणे बंद करा. नत्र जास्त झाले की पानेच माजतात. छाटणीनंतर कुजलेले शेणखत आणि दोन मुठी हाडांचा चुरा एवढे पुरे. ड्रमच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, तेवढे पाहून घ्या. पाणी साचलेले या वेलाला मानवत नाही.

वनस्पतीवेडा
वरील सल्ला योग्य आहे, परंतु कात्री चालवण्यापूर्वी वेलाची ओळख पक्की करून घ्यावी. माधवीलता आणि मधुमालती ही नावे रोपवाटिकांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. माधवीलता वसंताच्या तोंडावर फुलते, म्हणजे फेब्रुवारीत ती छाटली तर त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणून समजा. तिच्या झालरीच्या काठाच्या पांढऱ्या पाकळ्यांपैकी एकीवर पिवळा डाग असतो. पण आपल्याकडे फूलच नसल्यामुळे ही खूण उपयोगाची नाही. म्हणून जुन्या फांद्या पाहा. मधुमालतीचे पान गळून पडते तेव्हा देठाचा खालचा भाग फांदीवरच राहतो आणि वाळून टणक, किंचित वाकडा काटा बनतो. याच काट्यांच्या आधाराने वेल वर चढतो आणि छाटणी करणाऱ्याचे हातही ओरबाडतो. हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांच्या कुळातला हा वेल आहे, हे त्याचा नाजूक घोस पाहून कुणाला खरे वाटत नाही.

गच्चीवाली, पुणे
काटे आहेत, आणि चांगलेच आहेत. म्हणजे ही मधुमालतीच. युरिया आजच बंद केला. एक शंका राहिली. एकेरी फुलांच्या वेलाला सुगंध अधिक असतो असे ऐकले आहे. फूल आल्याशिवाय एकेरी की दुहेरी हे ओळखता येते का?

कोकणातला माळी
फूल पाहिल्याशिवाय ते सांगता येत नाही. एकेरी फुलाला पाच पाकळ्या आणि खाली लांब, बारीक नळी असते. फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल, म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या अवस्थेत, अंधार पडल्यावर, वास सर्वांत अधिक असतो, कारण त्या वेळी लांब सोंडेचे निशाचर पतंग मधासाठी येतात. माझ्या मते गच्चीसाठी एकेरीच उत्तम. दुहेरीचा घोस भरगच्च दिसतो, पण शोभेपलीकडे माझे मन त्यात रमत नाही.

एकेरीच हवी असेल, तर ज्यांच्याकडे ती फुललेली पाहिली असेल त्यांच्याकडून पावसाळ्यात दाबकलम करून घ्यावे. जमिनीलगतची फांदी डोळ्याखाली किंचित खरवडून ओल्या मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा आणि मुळे धरल्यावर मूळ वेलापासून तोडायची. जमिनीत लावलेल्या जुन्या वेलाच्या मुळांतून आपोआप फुटवे येतात, तेही मुळासकट काढून लावता येतात. जमिनीत लावणार असाल तर पावसाच्या पाण्याच्या पाइपापासून वेल दूर ठेवा, कारण जून खोड मनगटाएवढे जाड होते आणि पाइपाला विळखा घालून तो उखडते.

मातीकाम
एक भर घालतो. छाटणीनंतर नवी पालवी कोवळी असताना पिठ्या ढेकूण दिसले, तर पाण्याचा जोरदार फवारा मारून ते धुऊन काढावेत आणि मग संध्याकाळी निमतेल फवारावे, भर उन्हात नव्हे.