पाटी लावायचीच तर देखत लावा
कुणीतरी सुचवलंय की भागातल्या कर्तबगार माणसांच्या घरांवर पाट्या लावाव्यात. कल्पना छानच. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर पाट्या लावायची अशी योजना १८६६ साली सुरू झाली. पण तिथल्या निळ्या गोल पाटीसाठी आता माणूस जाऊन किमान २० वर्षं व्हावी लागतात! कीर्ती टिकते का हे पारखायला नियम ठीक, पण वाचनालयात वर्षानुवर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? (तो निवड समितीच्या नजरेत भरतच नाही, हा आणखी वेगळा विषय.) त्याचं नाव त्याच्या देखत, त्यानंच शिवलेल्या पुस्तकांच्या कपाटावर लावा. आणि वाचनालयासारख्या संस्थेचा गौरव करायचा तर मानचिन्ह नकोच, ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा गळकं छप्पर दुरुस्त करून द्या, नाहीतर आठवड्यातून दोन तास हिशेब लिहायला बसा.