ब्रेव्हहार्ट पाहून स्कॉटलंड कळतो का?

क्लाइडकाठ: 'स्कॉटिश म्हणजे रांगडे, चिक्कू, किल्टवाले लढवय्ये' असं परवा इथे एकाने लिहिलं, पुरावा म्हणून 'ब्रेव्हहार्ट' सिनेमा दिला. वाचून डोकं तडकलं. बारा वर्षं ग्लासगोत राहतोय. किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, दिसतो तो लग्नात, नाहीतर मॅचच्या दिवशी. १३व्या शतकात तो नव्हताच. सिनेमाचा नायक वॉलेस सखल भागातला, डोंगराळ हायलंडमधला नव्हे. इंग्रजांविरुद्धची १२९७ची स्टर्लिंगची लढाई त्याने ज्या पुलामुळे जिंकली, तो पूलच सिनेमात नाही! शूटिंगही बरंचसं आयर्लंडात. चिक्कूपणाचं म्हणाल तर आम्ही नवीन आलो तेव्हा शेजारच्या आजींनी मुलीचा पाळणा आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

रानवारा: सिनेमातून स्वाभिमान जागा झाला, ते महत्त्वाचं. १९९५ला सिनेमा, १९९७ला सार्वमत, १९९९ला स्वतःची संसद.

क्लाइडकाठ: संसद सिनेमाने दिली? १९८९मध्ये पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी, इंग्लंडच्या वर्षभर आधी स्कॉटलंडवर लादला. गोद्या, खाणी बंद पडल्या. माझा सहकारी अजून वडिलांच्या गेलेल्या नोकरीबद्दल बोलतो, वॉलेसबद्दल नाही.

जालनेकरीण: तुम्ही दोघेही त्यांना सोसणारेच ठरवताय. आमच्या जिल्ह्यातली असई आठवा. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून आलेल्या इंग्रज फौजेत ७४वी आणि ७८वी हायलंडर पलटण होती. पुढे मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, सगळे स्कॉटिश. हे कुठल्या सिनेमात आहे?

रानवारा: ताई, विषय कुठे नेताय? ७८वी पलटण रॉस-शायरमध्ये १७९३ला उभी राहिली. आदल्याच वर्षी तिथल्या कुळांनी, त्यांची जमीन काढून जमीनदारांनी तिथे सोडलेल्या मेंढ्या हुसकल्या, तर त्यांच्यावर सैन्य धाडलं. जमीन गेलेली पोरं पोटासाठी पलटणीत गेली.

जालनेकरीण: त्यांची जमीन गेली म्हणून आमची माणसं मारायची? माझ्या आजोळी नांगराला तोफेचा गोळा लागला होता, आजीने तो शेवटपर्यंत दाराशी ठेवला. तिच्यासमोर हे बोलून दाखवा.

रानवारा: आवाज चढवू नका. पोटासाठी आले म्हणजे निर्दोष, असं मी म्हटलेलं नाही.

क्लाइडकाठ: जालनेकरीणताईंचं एक मानावंच लागतंय, मनाविरुद्ध. कलोडनच्या लढाईत हायलंडच्या बंडखोरांचा पराभव झाल्यावर ब्रिटिश सरकारने १७४६च्या कायद्याने हायलंडचा पोशाख बंद केला, पण सैनिकांना सूट होती. बंदी १७८२ला उठली. १८२२ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने शहरी सरदारांनाही टार्टन, म्हणजे ते चौकड्यांचं कापड, नेसवलं. ज्या फौजेने किल्ट जगवला, तीच असईला आली. पण म्हणून 'रांगडे, चिक्कू' खरं ठरत नाही.

जालनेकरीण: ते मी म्हटलंच नव्हतं. पण ग्लासगोतल्या मुलांना शाळेत असई शिकवतात का, तेवढं तुमच्या मुलीला विचारून सांगा.