मोठ्यांना ज्ञानेश्वरी शिकवताना काय शिकलात?

इंदूरला रामबागेत रविवारचा वर्ग सुरू करतोय, सगळे पन्नाशीपुढचे. जुने शिक्षक सांगा ना, काय सांभाळू?

ताई_वडोदरा: बारा वर्षं शिकवतेय. पहिल्या वर्षी मी द्वैत-अद्वैत फळ्यावर लिहीत बसले नि लोक घड्याळ बघत होते, मग दुसऱ्या अध्यायातली जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याची ओवी आली तर मागच्या एक आजी म्हणाल्या, यांचा स्वेटर अजून कपाटात आहे, तो कुणाला देऊ? मला काही बोलताच येईना. तेव्हापासून निम्मा वेळ गप्प बसते.

ग्वाल्हेरकर: नऊ हजार ओव्या आहेत, घाई नको. आमचे तीन वर्षं सहाव्यातच, कुंडलिनीवर नुसते वाद!

राजवाडा_बॉय: पोहे शेवटी द्या भिया, आधी दिले की अर्धे कटतात.